सैनिक एक्केचाळिसाव्या पानावर घरी आला

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग म्हणवत नाही, कारण आठांपैकी उजवा गुडघा ऑगस्टपासून संपावर आहे आणि पाठीने त्याला जाहीर पाठिंबा दिला आहे. तेव्हा उरलेल्या अंगांनी जमेल तेवढा केलेला हा नमस्कार गोड मानून घे. तुझी साखर (रक्तातली, स्वभावातली पूर्वीपासूनच बेताची) आटोक्यात असेल. भाऊजींना कानातलं नवं यंत्र बसलं का? बसलं असल्यास ते त्यांनी तुझ्याशी बोलताना चालू ठेवलंच पाहिजे असा माझा आग्रह नाही. माझं ठीक आहे. 'ठीक' हा शब्द मी मुद्रितशोधक म्हणून गेली सव्वीस वर्षं वाचतोय. त्यात चूक काढता येत नाही आणि त्यातून काही कळतही नाही, म्हणून तो मला आवडतो.

तुझं सप्टेंबरमधलं चार पानी पत्र, ऑक्टोबरमधलं एक पानी पत्र आणि नोव्हेंबरमधलं नुसतं प्रश्नचिन्ह काढलेलं कार्ड, तिन्ही मिळाली. उत्तर लिहिलं नाही, कारण एका सैनिकाने माझा जीव खाल्ला. तो काल्पनिक आहे, पण म्हणून काही कमी खाल्ला असं नाही.

आमच्या प्रकाशनाची हिवाळी मालिका तुला ठाऊक आहे (दरवर्षी तिन्ही पुस्तकं मी तुला पाठवतो आणि तू ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवतेस, हे भाऊजींनी सांगितलं, राग नाही). तरी सांगतो. मागच्या महायुद्धाचा काळ, नाताळचे दिवस, बाहेर बर्फ, आत एक तरुणी. ती परिचारिका असते, नाहीतर बेकरीत असते, नाहीतर तारघरात. तो आघाडीवर. त्याची पत्रं येतात, मग येईनाशी होतात, आणि चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळी दारावर थाप पडते. पुस्तक बरोबर सहा फर्म्यांचं (सोळा पानांचा एक फर्मा), म्हणजे शहाण्णव पानांचं. थाप एक्क्याण्णवाव्या पानावर, चुंबन चौऱ्याण्णववर, शेवटची दोन पानं मालिकेतल्या इतर पुस्तकांच्या जाहिरातींना. मालकांनी नियम लिहून भिंतीवर लावले आहेत. युद्ध ऐकू यावं, पण कुणाला लागू नये. साठाव्या पानानंतर ज्याला नाव आहे असा माणूस मरू नये. मेणबत्ती एकच असावी, म्हणजे चेहरे दिसतात आणि घराची अवस्था दिसत नाही. या मालिकेची प्रूफं मी चौदा वर्षं वाचतोय. इतके सैनिक माझ्या डोळ्यांदेखत दार वाजवून आत गेले आहेत, की शेजारी वर्तमानपत्र मागायला आले तरी मी आधी त्यांच्या खांद्यावर बर्फ आहे का ते बघतो.

यातली निम्मी पुस्तकं एकट्या बाईंची. (त्यांना सगळे बाईच म्हणतात, पुस्तकावरचं नाव मालकांनी ठेवलेलं आहे आणि ते त्यांना कधीच आवडलं नाही.) वय अठ्ठ्याहत्तर. एकतीस पुस्तकं, एकतीस सैनिक आणि एकतीसच्या एकतीस सुखरूप घरी. एवढी कामगिरी कुठल्या सेनापतीला जमली नसेल. आणि जुलैच्या शेवटी बत्तिसावं हस्तलिखित आलं ते एकोणनव्वदाव्या पानावर थांबलेलं. तारघरातली मुलगी खिडकीत उभी आहे, बर्फ पडतोय, आणि खाली बाईंच्या ठसठशीत अक्षरात एवढंच: तो येत नाही. शाई शिल्लक आहे, मी दमले आहे.

मालकांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "येत नाही म्हणजे? मुखपृष्ठावर आलाय तो!" ते खरंच होतं. मुखपृष्ठ चार रंगांत छापून तयार होतं आणि त्यावर तो मुलीला इतका घट्ट धरून उभा होता, की आता त्याला आघाडीवर परत पाठवणं कुणाच्याच हातात नव्हतं. मग मालक माझ्याकडे वळले. बाई तुमचं ऐकतात, म्हणाले. (बाईंशी माझं चौदा वर्षांत स्वल्पविराम सोडून दुसऱ्या विषयावर बोलणं झालेलं नाही.) शेवट घेऊन या, नाही आणलात तर मालिका बंद, आणि मालिका बंद झाल्यावर तुम्ही काय वाचणार ते तुम्हीच ठरवा.

ताई, ऑगस्टचा उकाडा, माझं वय सत्तावन्न आणि बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर. बासष्ट पायऱ्या. बाईंनी दार उघडलं, मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "उंची चालेल." मला वाटलं वरच्या फळीवरचं काहीतरी काढून द्यायचं असेल. तेवढ्यावर भागलं असतं तर आज मी गुडघा वाकवून नमस्कार केला असता. बाईंचं म्हणणं असं, की आता त्यांचा कुणाच्या येण्यावर विश्वासच बसत नाही. एकतीस वेळा दार उघडून झालं. आता बाहेर कुणी उभा आहे असं त्यांना वाटेना. तेव्हा मी एकदा, फक्त एकदा, त्यांना पटेल असा येऊन दाखवावं, मग त्या पुढचं लिहितील. त्यांनी पलंगाखालून एक पत्र्याची ट्रंक ओढून काढली आणि कपाटातून लोकरीचा जाडजूड ओव्हरकोट. कोट घालायचा, ट्रंक उचलायची, खाली रस्त्यावर जायचं, लंगडत बासष्ट पायऱ्या चढायच्या (नायकाच्या डाव्या पायाला गोळी लागलेली आहे, नियमाला तेवढा एक अपवाद) आणि दार वाजवायचं.

मी ते केलं. का केलं हे विचारू नकोस. तुझ्या लग्नात घोड्याला धरायला कुणी नव्हतं तेव्हाही मीच पुढे झालो होतो. घामाने निथळत वर पोचलो, दार वाजवलं. बाईंनी उघडलं, दोन क्षण बघितलं, "नाही पटलं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी मी चुकून उजव्या पायाने लंगडलो, तर मला दारातूनच खाली परत पाठवलं. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त दंतवैद्यांनी दार किलकिलं केलं आणि फार सभ्यपणे विचारलं, "आपण येताय की जाताय?" मी खरं तेच सांगितलं, की अजून ठरलेलं नाही. त्यांनी जिन्यात माझ्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं. चौदा वर्षांत मालकांनी माझ्यासाठी एवढं केलेलं नाही.

सहाव्या दिवशी पन्नासाव्या पायरीच्या आसपास उजव्या गुडघ्यातून टिचकी वाजवल्यासारखा आवाज झाला आणि मी खाली बसलो. ट्रंक मात्र बसली नाही. ती एकटीच निघाली, वळणावर आपटली, आणि दंतवैद्यांच्या दारावर तिने अशी थाप मारली, की ते आतून "आलो, आलो" करत धावत आले. वरून बाई कठड्यावर ओणवल्या. मला वाटलं, लागलं का ते विचारतील.

"ही पटली," बाई म्हणाल्या.

दोघांनी मिळून मला बाईंच्या कोचावर नेऊन टाकलं. गुडघ्यावर बर्फाची पिशवी (या सबंध प्रकरणात मला दिसलेला हा एकुलता एक बर्फ), अंगात अजून तो कोट, कारण तो काढायला उठावं लागलं असतं. दंतवैद्य गेले आणि माझा तोल सुटला. तुला माहीत आहे, मी वर्षावर्षांत आवाज चढवत नाही. पण त्या दिवशी मी बाईंना ओरडून सांगितलं, की तो आलाच पाहिजे. वाचकांसाठी नाही, मालकांसाठी नाही, मुखपृष्ठासाठीसुद्धा नाही. तो येईन म्हणाला होता. अकराव्या पानावर, स्टेशनात, चार माणसांसमोर. ती मुलगी त्या एका शब्दावर अठ्ठ्याहत्तर पानं उभी आहे. माणूस येतो म्हणाला की त्याने यायला नको का?

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही गेलात का कधी, येतो म्हणालात तिथे?"

त्यांना माझं काही माहीत नव्हतं, ताई. तो नेम धरून मारलेला दगड नव्हता. पण लागला.

आता आपण दोघं जो विषय चार वर्षं टाळत आलोय तो मला काढावाच लागतोय. तुझ्या भावजयीची विमा कचेरीतली बदली तुझ्या गावी झाली तेव्हा मी तिला बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. हिवाळी मालिकेची तीन पुस्तकं तेवढी छापायला गेली की पंधरा दिवसांत येतो, म्हणालो. पुस्तकं गेली. मग पुनर्मुद्रणं आली. मग मालकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. सहा महिने गेले आणि मला आपलं वाटू लागलं, की आता नुसतं कसं जायचं, काहीतरी कारण हवं. वर्ष झालं तेव्हा कारण बरंच मोठं लागणार होतं. दोन वर्षांनी एवढं मोठं कारण माझ्याकडे कुठून असणार? भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. आमचं काहीच झालेलं नाही. महिन्यातून एकदा ती फोन करते, आम्ही विजेच्या मीटरबद्दल नाहीतर घरपट्टीबद्दल बोलतो, आणि दोघंही फोन ठेवायची घाई नसल्यासारखे तोच आकडा पुन्हा एकदा विचारतो. तू तिकडे तिला रविवारी जेवायला बोलावतेस हेही मला ठाऊक आहे. हे सगळं मी त्या कोटात बसून एका परक्या बाईला सांगितलं. त्यांनी ते शुद्धिपत्र ऐकावं तसं ऐकलं.

मग त्यांनी त्यांचं सांगितलं. "माझा आला होता," म्हणाल्या. "चोवीस तारखेलाच. संध्याकाळीच. तुमच्या हिशेबाने पान एक्क्याण्णव. मी दार उघडलं, तो आत आला, आणि मला वाटलं, संपलं." त्यांच्या नवऱ्याला खोलीत दाराकडे पाठ करून बसवेना. खुर्ची हलवली, टेबल फिरवलं, तरी बसेना. तो कपाटाला पाठ लावून उभा राहायचा. जेवायचा उभ्याने, चहा उभ्याने. बोलायचा तो फक्त किती वाजले एवढंच. बाई तेव्हा चोवीस वर्षांच्या. माहेरी विचारलं तर म्हणाले, आला ना परत, मग आता रडतेस कशाला? कुठल्या पुस्तकात शोधावं तर सगळी पुस्तकं दार उघडेपर्यंतचीच. "पुढे एक्केचाळीस वर्षं संसार केला आम्ही, आणि बरा केला. पण तो पहिला हिवाळा मी कुणाला सांगितला नाही. उलट एकतीस वेळा दार उघडून दिलं आणि पुस्तक मिटलं. दार उघडायला काय हो, कडीच काढायची असते."

मी म्हणालो, मग ते पुढचं लिहा. (खरं सांगायचं तर गुडघा इतका ठणकत होता, की जिना सोडून कशालाही मी हो म्हणालो असतो.) बाई म्हणाल्या, मालकांची थाप एक्क्याण्णववर आहे, पुढे जागा कुठे? मी बोटांवर फर्मे मोजले. सैनिकाला घरात जरा रुळू द्यायचं तर त्याला एक्केचाळिसाव्या पानावर आणावं लागेल. बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे माणूस म्हणून बघितलं.

पुढचे पाच दिवस त्या बोलत होत्या आणि मी पाय उशीवर ठेवून लिहीत होतो. भांडणं फक्त स्वल्पविरामांवरून झाली. आमचा सैनिक नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतो, भर दुपारी, मुलगी तारघरात कामावर असताना. थाप ऐकायला घरात कुणी नसतंच. तो पायरीवर बसून राहतो. ती येते, त्याला ओलांडून कुलूप काढते आणि मग तिला कळतं कोण आहे ते. त्यानंतर पन्नास पानं तो कपाटाशी उभा. आधी ती चिडते, मग घाबरते, मग एक दिवस स्वतःचं ताट उचलून त्याच्या शेजारी कपाटाशी जाऊन उभी राहते. दोघं उभ्याने जेवतात. महिनाभर. चोवीस तारखेला तारघरात दिवसभर तारा वाटून वाटून तिचे पाय सुजलेले, ती घरी येते आणि कपाटाशी सरळ जमिनीवरच बसते. थोड्या वेळाने तोही खाली बसतो. चौऱ्याण्णवाव्या पानावर तो तिच्या बुटांच्या नाड्या सोडतो. संपलं. मेणबत्ती एकच ठेवली, नियम म्हणून.

मालकांनी सगळं एका बैठकीत वाचलं. "चुंबन कुठंय?" मी म्हटलं, नाड्या सुटल्या आहेत. "एक्केचाळीसलाच आला, मग पुढे वाचकाने वाट कशाची बघायची?" मी म्हटलं, तो बसण्याची. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या काठीकडे बघितलं. छपाईयंत्राची तारीख दुसऱ्या दिवसाची होती, मुखपृष्ठ तयार होतं, दुसरं काही हातात नव्हतं. पुस्तक छापलं.

नोव्हेंबरात ते दुकानांत गेलं आणि पहिल्याच आठवड्यात गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. बांधणीत चूक आहे म्हणून. एका विक्रेत्याने तर अदबीने कळवलं, की तिसरा आणि सहावा फर्मा उलटसुलट लागला आहे, कारण सैनिक पुस्तकाच्या मध्येच घरी येतोय. मालकांनी ते पत्र माझ्या टेबलावर काचेखाली ठेवलं. मग वाचकांची पत्रं यायला लागली. बारांपैकी नऊ संतापलेली. एका गृहस्थांनी तर पुस्तक परत पाठवून सैनिक बदलून मागितला. दोघांनी नुसतं 'वाचलं' एवढंच कळवलं. बारावं पत्र पोस्टकार्ड होतं, पेन्सिलीने लिहिलेलं, कुण्या बाईंचं, पत्ता नाही. 'आमच्याकडे कपाट नाही. आमचे खिडकीशी उभे असतात. बाकी सगळं बरोबर आहे. शेवटी तो खाली बसला ते मी त्यांना वाचून दाखवलं.'

मालकांनी ते कार्ड वाचलं आणि खिशात घालून घरी नेलं. मालकीणबाईंना दाखवायला, म्हणाले. ते त्यांनी अजून परत आणलेलं नाही. मालिका बंद करण्याचा विषयही त्या दिवसापासून निघालेला नाही. उलट काल मला म्हणाले, पुढच्या वर्षी याच धर्तीचं आणखी एक काढू, फक्त जरा कमी खरं. बाई मात्र लिहिणार नाहीत. त्यांचं सांगून झालंय. मी परवा गेलो तेव्हा त्या दुसऱ्या मजल्यावर दंतवैद्यांशी पत्ते खेळत होत्या आणि पत्ते लपवत होत्या. मला त्यांनी बसा म्हटलं नाही, पण स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. मालकांनी मला आठ दिवसांची रजा दिली आहे. मागितली नव्हती; माझा चेहरा बघवत नाही, म्हणाले.

इथे थांबतो, कारण कागद शिल्लक आहे पण धीर नाही. भाऊजींना नमस्कार, तुला तर वर केलेलाच आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. वरची सगळी पानं एक गोष्ट विचारायची टाळण्यासाठी लिहिली, हे तुला तिसऱ्या ओळीतच कळलं असेल. रविवारी तुझी भावजय जेवायला येईल तेव्हा तिला काही विचारू नकोस. फक्त बोलता बोलता माझा विषय काढ आणि तिचा चेहरा बघ. मी बॅग घेऊन आलो तर तिला चालेल का, एवढंच मला कळव. आणि तिने 'किती दिवसांसाठी' असं विचारलं तर काय सांगायचं तेही तूच सुचव. पंधरा दिवस हा आकडा मला तोंडातून काढायचा नाही.

ता. क. दुसरा. चोवीस तारखेला पोचावं असं मनात होतं. चौदा वर्षं जे वाचलं त्याचा काही तरी परिणाम होणारच. पण चोवीसच्या, पंचवीसच्या आणि सव्वीसच्या सगळ्या गाड्या भरलेल्या आहेत. खिडकीवरच्या माणसाने सत्तावीसचं तिकीट दिलं, दुपारी पावणेतीनला पोचणारं. त्या वेळी भाऊजी झोपलेले असतील. उठवू नकोस.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तिचाच फोन आला, मीटरच्या कागदासाठी. मी कागद कुठे आहे ते सांगितलं आणि त्याच दमात बाकीचंही सांगून टाकलं, गाडीची वेळसुद्धा. तिने कागदाची जागा आधी लिहून घेतली. मग म्हणाली, "सत्तावीसला माझी कचेरी पाचपर्यंत आहे. किल्ली ताईंकडे ठेवलेली आहे." तेव्हा वरचं सगळं रद्द समज. विषय काढू नकोस, चेहरा बघू नकोस, काही सुचवू नकोस; नुसती किल्ली काढून ठेव. ती चार वर्षांपूर्वीच तिने तुझ्याकडे दिली होती म्हणे, मी आलो तर लागेल म्हणून. हे तू मला एका शब्दाने कळवलं नाहीस. ताई, भेटल्यावर भांडणार आहे.